बालकांचा लठ्ठपणा आणि पालकांवरचा खटला

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. शीतपेयांत आणि पाकीटबंद खाऊत किती साखर असते आणि मुलांनी दिवसाला किती खावी, हे त्या फलकावर लिहायचे. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. तेव्हापासून मुलांच्या वाढत्या वजनाची चर्चा वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि शाळांच्या पालकसभांत सतत होत आहे. चर्चा होते हे चांगलेच आहे, परंतु ती ज्या रीतीने चालली आहे ती मला चुकीची आणि मुलांना अपाय करणारी वाटते. एक पक्ष म्हणतो की आईबापांनी लाड थांबवले, मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि घरचे अन्न दिले की प्रश्न मिटला. दुसरा पक्ष म्हणतो की दोष जनुकांचा आणि बाजाराचा आहे, पालक बिचारे काय करणार. दोन्ही पक्ष दोष कोणाचा एवढ्यावरच भांडत राहतात. मूल लठ्ठ झालेले आहे, पालक त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलेले आहेत, त्यानंतर त्या कुटुंबाच्या वाट्याला काय येते, हे विचारायला कोणी थांबत नाही. माझे म्हणणे असे आहे की लठ्ठपणाचा उपचार वर्षानुवर्षे आणि घरातूनच करावा लागतो, आणि तो पालकच करतात. म्हणून पहिल्या भेटीत पालकांना दोषी ठरवायचे आणि दुसऱ्या भेटीची काही सोयच करायची नाही, अशा व्यवस्थेला उपचार म्हणता येणार नाही.

या वाटेने गेलेल्या पालकांशी बोलले की त्यांचे अनुभव एकमेकांशी किती जुळतात, हे जाणवते. मुलाच्या मानेवर काळसर, जाडसर पट्टा दिसू लागतो. आई तो मळ समजून अंघोळीच्या वेळी डाळीच्या पिठाने घासते, मूल रडते, पट्टा जात नाही. शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होऊ लागल्याची ती खूण असू शकते, हे तिला तोवर कोणी सांगितलेले नसते. मग कोणाच्या तरी सल्ल्याने थायरॉइडची तपासणी होते. अहवाल बहुधा ठीक येतो आणि आईला त्याचेच वाईट वाटते, कारण अहवालात काही निघाले असते तर निदान तिच्यावरचा आळ तरी टळला असता. वस्तुतः ज्या लठ्ठ मुलाची उंची वयाप्रमाणे नीट वाढते आहे त्याच्यात ग्रंथींचा आजार क्वचितच सापडतो; उंची खुंटली असेल तर मात्र तो शोधावाच लागतो. ही गोष्ट दोन मिनिटांत समजावून सांगता येण्याजोगी आहे, पण गर्दीच्या ओपीडीत ती दोन मिनिटे मिळत नाहीत. मिळतो तो छापील आहार-तक्ता: सकाळी ओट्स, मधल्या वेळी सफरचंद, दुपारी सॅलड, रात्री सूप. ज्या घरात सहा माणसांसाठी एक भाजी आणि एक आमटी होते, आजोबांना मधुमेह आहे, धाकट्याचे वजन भरत नाही म्हणून त्याच्या पोळीवर तूप वाढायचे आहे आणि त्याच पंगतीत बसलेल्या मोठीला कोरडा फुलका द्यायचा आहे, त्या घरात हा तक्ता कसा चालवायचा, हे त्यावर लिहिलेले नसते. एकाच आईच्या हातचे खाऊन एक मूल जाड आणि एक किडकिडीत कसे, हा प्रश्नही कोणाला पडत नाही.

महिना-दीड महिन्याने पुन्हा वजन होते. ते कमी झालेले नसते, कधी वाढलेलेही असते. “तुम्ही मनावर घेतलेले दिसत नाही,” हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बहुतेक पालकांनी ऐकलेले आहे. नऊ-दहा वर्षांचे मूल शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळे ऐकत असते. घरी आल्यावर बिस्किटांचा डबा उंच फळीवर जातो, मूल चोरून खायला शिकते आणि आई पहारेकरी होते. वडील या कथेत सहसा दुपारच्या वेळी कामावर असतात. त्यांना कोणी दवाखान्यात बोलावत नाही आणि दोषाच्या वाटणीतही त्यांचा हिस्सा लहानच असतो. तिसऱ्या भेटीला हे कुटुंब जात नाही. दवाखान्याच्या दृष्टीने पालकांनी उपचार अर्धवट सोडला. पालकांच्या दृष्टीने उपचार सुरूच झालेला नव्हता.

पालकांना जबाबदार धरणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आधीच मान्य करतो. मुलाच्या ताटात काय पडते, घरात काय विकत येते, रात्री किती वाजता दिवे मालवतात, हे मोठी माणसे ठरवतात. सात वर्षांचे मूल वाण्याची यादी करत नाही. संशोधनही याच बाजूने उभे आहे. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन यांनी आईबाप आणि मूल या दोघांना मिळून सवयी बदलायला शिकवले, दहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईबापांसह उपचार घेतलेल्या मुलांची स्थिती पुष्कळ चांगली राहिली होती. इस्रायलमध्ये मोरिया गोलान यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. एका गटात त्यांनी उपचारासाठी फक्त पालकांना बोलावले, दुसऱ्यात फक्त मुलांना. १९९८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत पालकांच्या गटातली मुलेच अधिक सुधारलेली दिसली. पालक हा निर्णायक घटक आहे याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण या प्रयोगांत पालकांचे काय केले गेले, ते पाहा. त्यांना आठवड्यांमागून आठवडे बोलावले, खरेदी कशी करावी, हट्टाला कसे सामोरे जावे, मुलाचे कौतुक कोणत्या गोष्टीसाठी करावे हे शिकवले, चुकले तर पुन्हा शिकवले. आपल्याकडे या संशोधनाचा निष्कर्ष तेवढा उचलला जातो आणि त्यामागचे काम सोडून दिले जाते. पालक महत्त्वाचे आहेत, एवढे वाक्य ऐकवून त्यांना घरी पाठवणे म्हणजे पोहायला न शिकवता बुडणाऱ्याला जबाबदारीची जाणीव करून देणे आहे.

आईला आरोपी करण्याची ही रीत नवी नाही. जर्मनीहून न्यूयॉर्कला आलेल्या हिल्डे ब्रूख या डॉक्टर बाईंनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरित कुटुंबांतल्या लठ्ठ मुलांचा अभ्यास केला. तोवर अशा मुलांच्या ग्रंथींत बिघाड असतो अशी समजूत होती. ती खोडून काढण्याचे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु ग्रंथी सुटल्या आणि आई सापडली. १९४० मध्ये त्यांनी कुटुंबाचे जे चित्र मांडले त्यात मुलाला जवळ कवटाळून ठेवणारी, मायेची उणीव अन्नाने भरून काढणारी आई केंद्रस्थानी होती. नव्या देशात, अपुऱ्या मिळकतीत, स्वतः उपासमार पाहिलेल्या त्या बायका मुलांना पोटभर का वाढत असतील, याचे दुसरे उत्तर शोधण्याची गरज वैद्यकशास्त्राला पुढे बराच काळ वाटली नाही. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) बाबतीतही तेच झाले. लिओ कॅनर यांनी १९४९ मध्ये अशा मुलांच्या आईबापांच्या भावनिक थंडपणाविषयी लिहिले, ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६०च्या दशकात त्या कल्पनेला जगभर प्रसिद्धी दिली, आणि आपल्या मायेअभावी मूल असे झाले हे ओझे घेऊन हजारो आया जगल्या. ते ओझे उतरवायला बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ पुढे आले, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आज ती उपपत्ती कोणी गंभीरपणे मांडत नाही. मग लठ्ठपणाच्या बाबतीत तिचीच धाकटी बहीण आपल्या पालकसभांत इतक्या आत्मविश्वासाने कशी वावरते?

या आत्मविश्वासाची किंमत काय होऊ शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधले आहे. केंब्रिजच्या सदफ फारूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान वयातच अतितीव्र लठ्ठपणा असलेल्या ३०० मुलांच्या जनुकांची तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांतल्या काही मुलांच्या सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला आढळला. भूक आणि वजन यांच्या नियंत्रणाशी संबंध असलेले एक जनुक त्या तुकड्यात असते. यांपैकी काही मुलांची नावे समाजसेवा खात्याने ‘धोक्यातील मुले’ या नोंदवहीत घातली होती, कारण आईबाप त्यांना जाणूनबुजून अति खाऊ घालतात असा समज होता. संशोधनानंतर ती नावे काढून टाकली गेली. अशी जनुकीय कारणे दुर्मिळ आहेत, हे मी स्पष्टपणे नोंदवतो. बहुसंख्य लठ्ठ मुलांत असे एकच एक कारण सापडत नाही. पण मूल आईबापांपासून तोडण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाणारी ती खात्री कशाच्या आधारावर होती? मुलाचे शरीर पाहिले आणि आईबापांचे वर्तन ओळखले, एवढ्याच आधारावर.

येथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. माणसाची जनुके तीस वर्षांत बदलत नाहीत. मग तीस वर्षांपूर्वी वर्गात एखादेच जाड मूल असायचे आणि आज पाच-सहा असतात, ते कशामुळे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा की भारतातील ५ ते १९ वयाच्या लठ्ठ मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती, ती २०२२ मध्ये सुमारे सव्वा कोटी झाली. जनुके तीच आहेत, हे खरे. पण हा आक्षेप जितका जनुकांना लागू पडतो तितकाच पालकांच्या सद्गुणांनाही लागू पडतो. १९९० मधले आईबाप अधिक शिस्तीचे, अधिक जाणते, मुलांवर अधिक लक्ष ठेवणारे होते, असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकेल काय? त्यांच्यापैकी बहुतेकांना मुलाचे वजन किती हेही ठाऊक नव्हते. मुले शाळेत चालत जात, संध्याकाळी घराबाहेर असत आणि पाच रुपयांत तळलेल्या, खारट-गोड खाऊचे पाकीट प्रत्येक टपरीवर लटकत नव्हते. त्या पालकांना परिस्थिती साथ देत होती. आजच्या पालकांना तिच्याशी रोज झगडावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेला मैदान हवे असे सांगितले. शहरातल्या किती शाळांत मुले खरोखर धावू शकतील एवढी मोकळी जागा आहे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत चरबी, मीठ, साखर भरमसाट असलेल्या पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. आपल्या राज्य शासनाने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवण्यास सांगितले होते. मुलाला घ्यायला गेलेल्या आईने कोणत्याही दुपारी फाटकाबाहेर उभे राहून पाहावे आणि शिस्त नेमकी कोणाची मोडली आहे ते सांगावे.

आजीचाही विचार करायला हवा, कारण डॉक्टरांच्या खोलीत ती नसली तरी तिच्यावरही ठपका ठेवला जातो. “आजी लाड करते” ही तक्रार मी जितक्या घरांत ऐकली आहे तितक्या घरांत त्या आजीचे बालपण कसे गेले, हे क्वचितच ऐकले आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी या पूरक आहारासाठी रांगा लावल्या, खडी फोडणाऱ्या आईची वाट पाहिली, ती मुले आजचे आजी-आजोबा आहेत. बाळसे धरलेले मूल हे त्यांच्यासाठी संकट टळल्याचे चिन्ह आहे. समाजानेही त्यांना तेच शिकवले: गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा झाल्या, गुटगुटीत बाळाला बक्षीस मिळाले आणि किडकिडीत बाळाच्या आईने मान खाली घातली. मूल चार वर्षांचे होईपर्यंत ज्या भरण्याचे कौतुक करायचे, त्याच भरण्याबद्दल ते नऊ वर्षांचे झाल्यावर जाब विचारायचा, हा व्यवहार त्या बाईच्या दृष्टीने अनाकलनीय आहे. तिला बोलावून, बसवून, तिच्या अनुभवाचा मान राखून समजावले तर ती बदलते. तिला टाळून मात्र कोणताही आहार-तक्ता मराठी घरात टिकणार नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, ज्याच्याशी माझी सहानुभूती अधिक आहे आणि म्हणूनच मतभेद स्पष्ट सांगायला हवा. शरीराची लाज वाटू देऊ नका, मुलाला आहे तसे स्वीकारा, दोष कंपन्यांचा आहे, हे त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर काळे इशाराचिन्ह सक्तीचे केले आणि मुलांना भुलवणारी कार्टून-चित्रे अशा पदार्थांवरून हटवली. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या इशाऱ्याचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला, इतका की एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तज्ज्ञ समितीकडून तीन महिन्यांत शिफारशी मागवाव्या लागल्या. ही लढाई लढलीच पाहिजे. पण ती जिंकेपर्यंत आज अकरा वर्षांच्या असलेल्या मुलीचे काय? तिच्या यकृतात चरबी साठू लागली असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पूर्वी चाळिशीनंतर दिसणारा मधुमेह पंधराव्या वर्षी दिसणार असेल, तर ‘आहे तशी स्वीकारा’ हा तिला दिलेला आधार ठरत नाही. लठ्ठपणा हा आजार आहे हे डॉक्टरांनी सांगितलेच पाहिजे. वाद सांगावे की नाही याचा नाही. सांगितल्यानंतर त्या कुटुंबाला काय दिले जाते याचा आहे. नुसते सांगण्याचा परिणाम काय होतो हे तपासले गेले आहे. कॅलिफोर्नियातील ७९ शाळांमध्ये सुमारे २८ हजार मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पालकांना मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा निर्देशांक, कळवला गेला. त्याने मुलांच्या वजनात फरक पडला नाही. उलट शाळेत वजन मोजले गेलेल्या मुलांत आपल्या शरीराविषयीची नाराजी काहीशी वाढलेली आढळली. शुगर बोर्ड लावून कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष नजरेआड करू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप साधनांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने उंची खुंटलेली आढळली आणि वजन प्रमाणाबाहेर असलेली ३.४ टक्के. ज्या राज्यात मेळघाट आहे त्याने जाड मुलांवर पैसा का खर्च करावा? प्रश्न टोचणारा आहे आणि टोचलाच पाहिजे. पण त्याचे उत्तर पुण्यातूनच मिळालेले आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. जन्मतः सुमारे २.७ किलो भरणारी ही बाळे इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा सर्वच मापांत लहान होती, मात्र त्वचेखालची चरबी त्यांनी बरीचशी राखली होती. वजन कमी, स्नायू कमी, चरबी तुलनेने अधिक. म्हणजे कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन वेगळ्या भारतांची दुखणी नाहीत. अनेकदा ती एकाच मुलाच्या आयुष्याची दोन टोके असतात, आणि उपाशी आईचे मूल पुढे खाऊच्या पाकिटांच्या जगात आले की त्याचे शरीर अधिक लवकर हार मानते. एकाचा खर्च दुसऱ्यातून कापायचा हा हिशेबच त्यामुळे चुकतो.

कुपोषणाच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट शिकता येते. १९९०च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंची चर्चा सुरू झाली तेव्हा आदिवासी आईचे अज्ञान, तिच्या अंधश्रद्धा, तिचे भगताकडे जाणे हेच कारण म्हणून पुढे केले जात होते. त्यात तथ्याचा अंश असेलही. तरी कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी ते कारण पुरेसे मानले नाही, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या आणि हळूहळू राज्याने जबाबदारी पत्करली. २००५ मध्ये माता-बालकांच्या आरोग्य-पोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन स्थापन झाले, ग्राम बाल विकास केंद्रे आली, पोषण पुनर्वसन केंद्रांत मुलाबरोबर आईची राहण्याची सोय झाली आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचाही विचार झाला. ही व्यवस्था अपुरी आहे, अनेक ठिकाणी कागदावर आहे, पण तिचे तत्त्व बरोबर आहे: मुलाला बरे करायचे तर आईला आधार द्यावा लागतो. किडकिडीत मुलाच्या आईला आपण निदान तत्त्वतः हा आधार देऊ करतो. जाड मुलाच्या आईला मात्र सल्ला देतो.

आधार म्हणजे नेमके काय, तेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिणाम दिसण्यासाठी तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तासांचा प्रत्यक्ष, कुटुंबासह उपचार लागतो. त्या सूचनांवर वाद झाला तो बारा वर्षांपुढील मुलांच्या औषधांवरून आणि तेरा वर्षांपुढील शस्त्रक्रियेवरून. २६ तासांकडे फारसे कोणी पाहिले नाही. आपल्याकडेही तेच होईल अशी भीती मला वाटते. माउंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात प्रौढांसाठी आली आहेत. दमलेले पालक उद्या मुलांसाठीही त्यांचा आग्रह धरतील आणि काही मुलांना अशा औषधांची खरोखर गरजही असेल. पण ओपीडीतल्या दहा मिनिटांनंतर थेट इंजेक्शन, आणि मधले २६ तास कोणाचेच नाहीत, हा उपचार नव्हे. त्या तासांचे पैसे आज संपूर्णपणे पालकांच्या खिशातून जातात. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या भरपाईसाठी रुग्ण १८ वर्षांचा असणे बंधनकारक आहे, आणि आहारतज्ज्ञाच्या किंवा समुपदेशकाच्या भेटी सर्वसाधारण पॉलिसीत बसतच नाहीत. ज्याला परवडते तो चार महिने आहारतज्ज्ञाकडे जातो. ज्याला परवडत नाही तो छापील तक्ता फ्रिजवर चिकटवतो.

हे २६ तास आपल्याकडे अशक्य आहेत असे मला वाटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत जाऊन वजन-उंची मोजतात. भारतीय मुलांसाठी बीएमआयचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१५ मध्ये तयार करून दिलेले आहेत. मोजणारे आहेत, मापदंड आहे. मोजल्यानंतर कुटुंबाने जायचे ठिकाण नाही. उपजिल्हा रुग्णालयात रविवारी सकाळी आठ-दहा कुटुंबांचा एक गट बोलवावा, त्यात वडिलांना आणि आजीला आवर्जून निमंत्रण असावे, भाकरी, पिठले, पोहे, वडापाव यांच्या भाषेत बोलणारा आहारतज्ज्ञ असावा, आणि सहा महिने तीच कुटुंबे, तीच माणसे भेटत राहावीत. पहिल्या सत्रात मुलांचे वजनसुद्धा घेऊ नये. आणि अशा केंद्राचे यश मोजताना किती किलो उतरले हे विचारण्याआधी पाचव्या भेटीला किती कुटुंबे परत आली, हा आकडा आरोग्य विभागाने जिल्हावार प्रसिद्ध करावा.